नवरा लढला, कागद कुठे आहे?

सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनीवर आम्ही बोललो, तेव्हा बऱ्याच गटांतून एकच प्रश्न आला. जे पगारी शिपाई नव्हते, नुसते आपल्या गावाच्या रक्षणाला म्हणून बंदूक घेऊन उभे राहिले, त्यांच्या घरच्यांचं पुढे काय होतं? उत्तर शोधताना आम्हाला हाँगकाँगची हकीकत सापडली. लांबची आहे, पण ऐका.

हाँगकाँग हे चीनच्या किनाऱ्याजवळचं बेट. १८४२ च्या तहानं ते इंग्रजांकडे गेलं. तिथं १८५४ साली स्वयंसेवकांचं दल उभं राहिलं, कारण इंग्रजांची फौज दुसऱ्या युद्धात गुंतली होती. दिवसा बँकेत, कचेरीत, शाळेत काम करायचं आणि सुटल्यावर कवायत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत दलात सगळ्या जातकुळीची माणसं आली, पण तुकड्या वेगवेगळ्या. गोऱ्यांची वेगळी, चिनी लोकांची वेगळी, मिश्र रक्ताच्यांची वेगळी. मकाववरून आलेल्या पोर्तुगीजांचीही वेगळी, ज्यांच्या काही घराण्यांत आपल्या गोव्याचं रक्तही मिसळलेलं. मरायला सगळे बरोबर, पंगत मात्र वेगळी!

ही पंगत बायकांच्या वाट्याला कशी आली, ते बघा. १९४० च्या उन्हाळ्यात जपानची धास्ती वाढली, तेव्हा सरकारनं बायका-मुलांना बोटीत बसवून आधी फिलिपाइन्सला आणि तिथून ऑस्ट्रेलियाला धाडलं. पण फक्त शुद्ध युरोपीय वंशाच्या. ऑस्ट्रेलियात तेव्हा गोऱ्यांनाच थारा होता. मिश्र रक्ताच्या ज्या बायका मनिलापर्यंत पोचल्या, त्यांना तिथूनच परत पाठवलं. चिनी बायकांचा तर विचारच झाला नाही. त्यांचे नवरे त्याच दलाच्या वर्दीत होते, हे विसरू नका. काही गोऱ्या बायकांनी मात्र जायचं नाकारलं. परिचारिका म्हणून नाव घातलं की राहता येत होतं.

८ डिसेंबर १९४१ ला जपाननं हल्ला केला. १८ तारखेच्या रात्री जपानी सैन्य बेटावर उतरलं. जार्डिन्स लुकआउट नावाच्या डोंगरावर सिमेंटच्या चौक्यांमध्ये मिश्र रक्ताच्यांची तिसरी कंपनी होती. त्यांचा मेजर स्टुअर्ट हा एका शाळेचा मुख्याध्यापक. त्या कंपनीची फार माणसं पडली. खाली नॉर्थ पॉइंटच्या वीजघरावर पंचावन्नच्या पुढची म्हातारी माणसं पहाऱ्याला होती, तीही लढली. आपल्या पंजाब आणि राजपूत पलटणीही तिथं लढत होत्या. नाताळच्या दिवशी सकाळी जपानी शिपाई स्टॅन्लेच्या एका इस्पितळात घुसले. खाटेवरच्या जखमींना मारलं, परिचारिकांवर अत्याचार केले, काहींना ठार केलं. त्याच दिवशी गव्हर्नरनं शरणागती दिली. सुमारे २२०० जणांच्या दलातले २८९ मेले किंवा बेपत्ता झाले.

बायकांची लढाई खरं तर तिथून सुरू झाली. वाचलेले स्वयंसेवक शामशुईपोच्या छावणीत कैद झाले. इंग्रज नागरिकांना वेगळ्या छावणीत कोंडलं. चिनी आणि मिश्र रक्ताच्या बायका बाहेर राहिल्या. त्यांना कोणी कोंडलं नाही, कारण त्या कोणाच्याच हिशोबात नव्हत्या. शहरात धान्याची टंचाई. तरी स्वतःच्या तोंडचं काढून त्या छावणीच्या फाटकाशी पुडकी पोचवत. १९४३ मध्ये रेडक्रॉसनं रोझरी हिल इथं अशा कुटुंबांसाठी आसरा उघडला, तेव्हा कुठे काही जणींना छप्पर मिळालं.

युद्ध १९४५ ला संपलं. पण कागदाची गोष्ट आणखी पन्नास वर्षं चालली. हाँगकाँग चीनला परत द्यायचं ठरलं, तेव्हा बेटाच्या रक्षणासाठी लढलेल्यांच्या बायकांना आणि विधवांना इंग्रज सरकारनं पत्रं दिली: तुम्हाला ब्रिटनमध्ये येऊन राहता येईल. येता येईल, पण नागरिकत्व नाही. म्हणजे म्हातारपणी घरदार सोडून परक्या थंडीत जा, नाहीतर हातात काहीच नाही. जॅक एडवर्ड्स नावाचा गृहस्थ, स्वतः जपान्यांच्या कैदेत खाणीत राबलेला, या बायकांसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत, दारं ठोठावत राहिला. आम्हाला वाटतं, त्याच्यासारखा एकही हट्टी माणूस नसता तर हे प्रकरण फायलीतच कुजलं असतं.

शेवटी १९९६ साली ब्रिटनच्या संसदेनं खास कायदा केला आणि जिच्याकडे ते पत्र आहे, तिला नागरिकत्व मिळायची सोय झाली. तोवर बऱ्याच जणी सत्तरीच्या घरात होत्या. पात्र ठरलेल्या मूठभरच. आणि कायद्यात एक अट होती, जी वाचून आमच्या बैठकीत सगळ्याच गप्प झाल्या. नवरा गेल्यावर जिनं दुसरं लग्न केलं, तिला यातलं काही मिळणार नव्हतं.

१ जुलै १९९७ ला हाँगकाँग चीनकडे गेलं.