प्रोस्टेटच्या रक्ततपासण्या : कोणती, केव्हा, कशासाठी



मुरबाड-शहापूरकडील साठी ओलांडलेला शेतकरी दवाखान्यात लघवीची तक्रार सहसा सर्वांत शेवटी सांगतो. आधी सांगतो ती कंबरदुखी. आणि ती भाताच्या लावणीमुळेच आहे, हे त्याने ठरवून टाकलेले असते. बहुतेकदा ते खरेही असते. परंतु पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग पसरतो तो प्रामुख्याने मणक्याच्या व कमरेच्या हाडांत. म्हणून अशा रुग्णांच्या रक्ततपासणीविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले.

यांतील जुनी तपासणी अ‍ॅसिड फॉस्फेटेजची. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हार्मोन-उपचाराचा गुण तिच्या आधारे दाखवून दिला. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र रोग ग्रंथीपुरता असेतो ती बहुधा वाढतच नाही. त्यामुळे निदानासाठी तिचा वापर आता जवळजवळ थांबला आहे.

तिची जागा घेतली ती पीएसए तपासणीने. अमेरिकेत तिला १९८६ मध्ये ज्ञात रुग्णांच्या देखरेखीसाठी आणि १९९४ मध्ये निदानास साहाय्य म्हणून मान्यता मिळाली. रूढ मर्यादा ४ नॅनोग्रॅमची. परंतु पीएसए ही ग्रंथीची खूण आहे, कर्करोगाची नव्हे. वयोमानाने ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला, लघवीची नळी घातली, तरी आकडा चढतो. उलट फिनास्टराईडची गोळी सहा महिने ते वर्षभर चालू असेल तर तो जवळपास निम्म्यावर येतो. तेव्हा नातेवाईकांनी येताना औषधांची पाकिटे अवश्य आणावीत.

आकडा ४ ते १० या संदिग्ध पट्ट्यात असेल तर ‘फ्री पीएसए’ उपयोगी पडते. कर्करोगात रक्तातील प्रथिनांना न चिकटलेल्या, मुक्त पीएसएचा वाटा घटतो. तो १० टक्क्यांहून कमी असल्यास संशय बळावतो, २५ टक्क्यांहून अधिक असल्यास ओसरतो. आकडा १० च्या बराच वर असेल तर या जादा तपासणीवर पैसे घालविण्यात फारसा अर्थ नाही. अंतिम निर्णय बायोप्सीचाच. शक्य तेथे तिच्या आधी एमआरआय करतात.

खेड्यात एक अडचण निराळीच. मुक्त पीएसए रक्तात लवकर नष्ट होते. मुरबाडला घेतलेला नमुना सीरम वेगळे न करता दिवसभर उन्हात फिरत कल्याणला पोहोचला, तर मुक्त वाटा खोटाच कमी दिसेल आणि रुग्ण नाहक धास्तावेल. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणावर जुळविलेल्या तपासणीत आकडा जुन्या हायब्रिटेक प्रमाणापेक्षा सुमारे २० ते २५ टक्के कमी येतो. दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून ‘रोग उतरला’ असे समजू नये. पुन्हा तपासणी त्याच ठिकाणी करावी.

सरसकट पीएसए शिबिर भरवावे, अशी सूचना काही हितचिंतक करतात. तिला आमची संमती नाही. युरोपातील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यात या रोगाचे मृत्यू काहीसे घटले, पण ज्यांना या रोगाने कधी त्रास झाला नसता अशा अनेकांच्या माथी निदान आणि उपचार आले. लक्षणे असणाऱ्यांची, तसेच वडील वा भाऊ यांना हा रोग झालेल्यांची तपासणी आम्ही समजावून सांगून करू इच्छितो. त्यासाठी देणगीदारांकडे मागणे आहे ते सेंट्रिफ्यूज यंत्राचे, शीतपेटीचे, आणि बायोप्सीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाच्या व त्याच्या सोबत्याच्या प्रवासखर्चाचे.