दुकानाचा उंबरठा आणि मुका सोबती

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जीवदयेवर विचारमंथन व्हावे, हे सर्वथा उचित आहे. जीवदया म्हटले की पांजरापोळ, चाऱ्याची गंजी, उन्हाळ्यातील पाणपोई, पाखरांना टाकलेले दाणे अशी परिचित चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ही सर्व पुण्यकार्ये दान देऊन होतात. परंतु कधी कधी जीवदयेची कसोटी दुकानाच्या उंबरठ्यावर लागते. एखादे गिऱ्हाईक कुत्र्याला बरोबर घेऊन पायरीशी उभे राहते आणि संकोचाने विचारते, ‘हा जवळ नसला की जीव घाबरा होतो. याला आत आणले तर चालेल का?’ गादीवरचे सगळेच क्षणभर गोंधळतात. हो म्हणावे की नाही म्हणावे? त्या एका क्षणाचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, नंदुरबारला त्याचे काय, असे कुणास वाटणे स्वाभाविक आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून येथील घरांचे रूप पालटले आहे. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी सुरत, पुणे, मुंबई, परदेश अशी पांगली. मागे राहिलेल्या वृद्धांच्या सोबतीला कुठे एखादा कुत्रा आला. दिवाळीला घरी येणाऱ्या मुलांबरोबरही तो येऊ लागला. जोडीदार गेल्यानंतर ज्यांना घराबाहेर पाऊल टाकवत नाही, गर्दीत ज्यांच्या छातीत धडधडते, अशांना त्या मुक्या जीवाचा आधार वाटतो. अशी माणसे खान्देशातही आहेत. फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

तसे पाहता या जिल्ह्याला जनावरांचा सहवास नवा नाही. शहादे तालुक्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. आठवडे बाजारात माणसांबरोबर शेळ्या-कोंबड्याही येतात. मात्र घोडा, बैल, शेळी ही सारी दुकानाच्या पायरीखालीच थांबत आली. पायरी चढण्याची अनुमती मागणारा जीव हीच काय ती नवी गोष्ट आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. माणसाबरोबर येणारे प्राणी तीन प्रकारचे असतात. पहिला सेवेसाठी शिकवून तयार केलेला प्राणी होय. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना वाट दाखवण्यासाठी १९१६ साली जर्मनीत कुत्र्यांना शिक्षण देण्याची शाळा निघाली. १९२९ साली अमेरिकेतही अशी संस्था स्थापन झाली. असा कुत्रा म्हणजे अंधाचे डोळेच होत. दुसरा प्रकार भावनिक आधार देणाऱ्या प्राण्याचा. त्याला विशिष्ट कामाचे शिक्षण दिलेले नसते. त्याचे जवळ असणे हाच आजारी मनाचा आधार असतो. तिसरा केवळ हौसेने पाळलेला प्राणी. तिघांनाही एकच नियम लावला, तर कुणावर तरी अन्याय होणारच.

आता कायद्याकडे वळावे. भारतीय राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास दुकानात येण्यापासून रोखता येत नाही. अपंगत्वाचा उल्लेख त्या कलमात नाही. ती उणीव भरून काढणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वी ज्या दिव्यांगत्वांची संख्या सात होती, ती या कायद्याने एकवीस केली. त्यांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. अशा व्यक्तीसाठी वाजवी तेवढी सोय करून द्यावी, हे या कायद्याचे एक मूलतत्त्व आहे. तथापि भावनिक आधाराचा प्राणी अशी वेगळी वर्गवारी भारतीय कायद्यात नाही. म्हणजे या ठिकाणी निर्णय बहुतांशी दुकानदाराच्या विवेकावर सोडलेला आहे. कायदा जेथे मौन धरतो, तेथे धर्माने बोलावे लागते.

दुकानदाराची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. कापडाच्या दुकानात पांढरी चादर अंथरलेली गादी असते. गिऱ्हाईक चपला काढून वर बसते. घडी मोडून पसरलेल्या रेशमी साडीला एखादे नख लागले, तर तो माल पुन्हा विकण्याच्या लायकीचा राहत नाही. लोकरीवर केस चिकटतात. शेजारी बसलेली बाई लहान मुलाला घेऊन आलेली असते आणि ते मूल कुत्र्याला पाहून किंचाळू लागते. खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. पदार्थ बनवण्याच्या व हाताळण्याच्या जागी प्राणी येऊ न देणे हे तेथे कर्तव्यच आहे.

रोगाची भीतीही अनाठायी म्हणता येणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. प्राण्यांच्या रोगाने सारा परिसर कसा हादरतो, हे या जिल्ह्याने स्वतः अनुभवले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात झाला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ साली पुन्हा तोच प्रसंग ओढवला. तेथील मुक्या जीवांचा तो संहार आठवला की आजही मन विषण्ण होते. शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटके कुत्रे हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला, त्यामागेही नागरिकांच्या सुरक्षिततेचीच चिंता होती. लसीकरण झालेला, साखळीने धरलेला पाळीव कुत्रा आणि भटका कुत्रा यांत भेद आहे. पण घाबरलेल्या मनाला तो भेद एकदम उमगत नाही.

जैन कुटुंबात आणखी एक शंका निघते आणि ती वडीलधाऱ्यांकडून निघते. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ सांगितलेले आहे. लाभासाठी कुत्री-मांजरे पोसणे त्यात येते, असा अर्थ परंपरेने केला जातो. म्हणून अनेक घरांत असे प्राणी पाळत नाहीत. उंदीर ताके कुरतडतात हे दिसत असतानाही मांजर न ठेवणारे व्यापारी या समाजात होऊन गेले आणि आजही आहेत. ही निष्ठा वंदनीय आहे. परंतु व्रत हे स्वतःच्या आचरणासाठी घेतलेले असते. आपल्या घरी कुत्रा पाळावयाचा नाही, हा नियम झाला. दुसऱ्याच्या दुःखाचा आधार दारातून परतवून लावावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही. तीर्थंकरांच्या समवसरणात देव आणि मनुष्य यांच्याबरोबर तिर्यंचांनाही स्थान होते, हे प्रत्येक जैन बालक पाठशाळेत शिकते. मंदिराचे नियम मंदिराला आहेतच. परंतु दुकान हे काही देरासर नव्हे.

याउलट दार सताड उघडे टाकले तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १५ मार्च २०११ पासून तेथे लागू झालेल्या नियमांनुसार दिव्यांगाच्या सेवेसाठी शिकवलेल्या कुत्र्याला दुकानात प्रवेश द्यावाच लागतो. दुकानदाराने दोनच प्रश्न विचारावयाचे: दिव्यांगत्वामुळे हा कुत्रा आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजार कोणता, हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही. केवळ भावनिक आधार देणाऱ्या प्राण्याला मात्र हा हक्क तेथेही नाही. विमानप्रवासात पूर्वी ही सवलत होती. तिचा लाभ घेण्यासाठी वाटेल ते प्राणी पुढे येऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये तर एक प्रवासी चक्क मोर घेऊन नेवार्कच्या विमानतळावर आली आणि विमान कंपनीने त्यास नकार दिला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये नवा नियम जाहीर होऊन विमान कंपन्यांवरील ते बंधन उठले. खोटे सांगून सवलत लाटणाऱ्यांमुळे खऱ्या गरजवंताची सवलत गेली. सत्याचे व्रत मोडले की अहिंसेचीही हानी होते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

या सर्व चर्चेत एका पक्षाला मात्र कुणी विचारत नाही आणि तो पक्ष म्हणजे स्वतः तो प्राणी. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सर्वांना ज्ञात आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वैशाखात नंदुरबारचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात ‘आत आणू नका’ एवढेच सांगितले आणि मालकाने कुत्र्याला विजेच्या खांबाला बांधून तासभर खरेदी केली, तर बंध झाला आणि पाण्यावाचून राहिला म्हणून अन्नपाननिरोधही झाला. दोष मालकाचा खराच, पण त्याचा अर्धा वाटा दुकानाच्या पायरीवरही पडतो. उलट दिवाळीच्या ऐन गर्दीत, बाहेर फटाके वाजत असताना त्या जीवाला आत आणले, तर भेदरून त्याचा थरकाप उडतो. माणसाच्या दुःखाचा भार त्याच्या पाठीवर पेलण्यापलीकडे टाकणे हे अतिभारारोपणच नव्हे काय? म्हणून दयेचा विचार तिघांसाठी हवा: आधार शोधणारा माणूस, आधार देणारा प्राणी आणि शेजारी बसलेले ते भ्यालेले मूल.

बाजारपेठेने मुक्या जीवांची बाजू घेणे, ही काही आजची गोष्ट नव्हे. जून १८३२ मध्ये मुंबईत भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज उठला. इतर समाजांचे व्यापारीही त्याला येऊन मिळाले आणि बाजारातील दुकाने बंद राहिली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ स्थापन झाले. ज्या व्यापाऱ्यांनी कुत्र्यांसाठी दुकाने बंद ठेवली, त्यांच्या वारसांनी आज कुत्र्याला दुकान उघडावे की नाही एवढाच प्रश्न आहे. तो सोडवणे अवघड नसावे.

यावर व्यवहारात उतरेल असा मार्ग पुढीलप्रमाणे सुचतो. अंध वा दिव्यांग व्यक्तीबरोबर आलेल्या, सेवेसाठी शिकवलेल्या प्राण्याला कोणत्याही दुकानाने अडवू नये. मनाच्या आधारासाठी प्राणी आणणाऱ्या गिऱ्हाइकाला चारचौघांत आजार विचारू नये, दाखला मागू नये. प्राणी स्वच्छ असेल, साखळीने धरलेला असेल आणि दुकानात गर्दी नसेल, तर त्याला एका कोपऱ्यात बसू द्यावे. गर्दी असेल अथवा कुणी भीत असेल, तर त्या गिऱ्हाइकाला निवांत वेळ कळवावी, पायरीशी खुर्ची टाकून तेथेच माल दाखवावा किंवा जांगड म्हणून माल पसंतीसाठी घरी पाठवावा. जांगडीची रीत कापडबाजाराला नवी नाही. सोयऱ्याधायऱ्यांसाठी जी सोय होते, ती दुःखिताला का होऊ नये? हौसेच्या प्राण्याला नकार देण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. पण त्या नकाराबरोबर सावली आणि पाण्याचे एक भांडे असले पाहिजे. प्राण्याला कितीही वेळ बाहेर थांबावे लागो, तो उन्हात राहता कामा नये.

प्राणी पाळणाऱ्यांवरही तितकीच जबाबदारी आहे. लसीकरण वेळेवर करावे, साखळी सोडू नये, घाण झाल्यास स्वतः स्वच्छ करावी आणि मालाचे नुकसान झाले तर न मागता भरून द्यावे. हौसेला आजाराचे नाव देऊ नये. एवढे पथ्य पाळले गेले, तर दुकानदाराचे मन कधीच कठोर राहणार नाही.

सुज्ञ श्रोतेहो, मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा सर्वश्रुत आहे. वणव्यात साऱ्या वनातील प्राणी हत्तीने मोकळ्या केलेल्या जागेत दाटीवाटीने येऊन उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. खाली पाय ठेवला तर ससा चिरडेल, म्हणून हत्तीने अडीच दिवस तो पाय अधांतरी धरला. त्या सशाला हवी होती ती पावलाएवढी जागा. हत्तीने ती दिली आणि त्या करुणेच्या बळावर पुढील भवात तो श्रेणिक राजाचा पुत्र झाला.

दुकानात कुणी मुका सोबती घेऊन येईल, तेव्हा त्यालाही तेवढीच जागा हवी असेल. ती गादीवर द्यावी, कोपऱ्यात द्यावी की पायरीच्या सावलीत, हे त्या वेळी त्या दुकानाने ठरवावे. गिऱ्हाईक मात्र मान खाली घालून परत जाता कामा नये, एवढे पाहिले तरी या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.

या भाषणात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!