गावची वेस आणि विषाचा व्यापार



आजचा विषय वसंत ऋतूला शोभणारा नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु जो प्रश्न मुंबई-पुण्याचा म्हणून आपण वर्तमानपत्राच्या पानाबरोबर उलटून टाकीत होतो, तो आपल्या चंदगड तालुक्यात येऊन गेला आहे. म्हणून त्याचा विचार येथेच झाला पाहिजे.

ढोलगरवाडीचे नाव आपण अभिमानाने घेत आलो, ते बाबुराव टक्केकर यांच्या सर्पालयामुळे. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे तेथील शाळकरी मुलेही सांगतात. नोव्हेंबर 2021 मध्ये हेच नाव निराळ्या कारणाने महाराष्ट्रभर गेले. मुंबईत सापडलेल्या थोड्याशा मालाचा माग काढीत मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने तेथील एका फार्महाऊसवर छापा घातला. बाजारात ज्याला एमडी म्हणतात, ते मेफेड्रोन तेथे तयार होत असल्याचे आढळले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आपण विचारावयाचे ते एवढेच, की हा उद्योग इतक्या आडगावी का यावा?

गांजा, अफू ही पिके. त्यांना शेत हवे, हंगाम हवा. एमडी बनते रसायनांपासून. त्याला हवी चार भिंतींची जागा, पाणी आणि एकांत. कारण रसायनांचा उग्र दर्प शेजाऱ्याच्या नाकात जाता कामा नये. त्यातून आपला तालुका सीमेवरचा. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढे गोवा. गोव्याची दारू या वाटांनी चोरून येते, हे येथे कोणास नव्याने सांगावयास नको. वाट एकदा रुळली, की तिच्यावरून काय जाईल याचा नेम नाही. 2024 साली दौंड तालुक्यात कुरकुंभला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला एमडीचे कारखाने सापडले. म्हणजे दुखणे एकट्या चंदगडचे नव्हे.

कायदा दुबळा आहे असेही नाही. अमली पदार्थांचा मुख्य कायदा 1985 चा. मेफेड्रोन त्याच्या यादीत आले 2015 साली. आज 50 ग्रॅमपेक्षा अधिक एमडीचा व्यवहार सिद्ध झाला, तर शिक्षा 10 ते 20 वर्षे सक्तमजुरीची. जाणूनबुजून आपली जागा अशा कामास देणारा मालकही त्याच शिक्षेस पात्र. परंतु शिक्षा जितकी कडक, तितका पुरावा काटेकोर लागतो. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती व्हावी, हा हक्क संशयिताला सांगावा लागतो, नमुने नियमाप्रमाणे सीलबंद करावे लागतात, पंच लागतात. यात कसूर झाली, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत न्यायालयात वाया जाऊ शकते. आणि पंच म्हणून उभे राहण्याची वेळ आली, की आपण काय करतो? मागच्या दाराने शेताकडे निघून जातो! मग पोलिसांच्या नावाने बोटे मोडण्याचा आपणास अधिकार काय?

आता व्यसनी माणसाकडे वळू. व्यसनातून गुन्हा होतो तो मुख्यतः तीन वाटांनी. नशेच्या भरात हाणामारी होते; नशेच्या पैशासाठी चोरी होते; आणि धंद्यातल्या वाटणीवरून टोळ्यांत वैर पेटते. यांपैकी दुसऱ्या वाटेची सुरुवात बहुधा घरातच होते. आधी आईच्या डब्यातले पैसे जातात, मग अंगठी, मग शेजाऱ्याची मोटारसायकल. घरचे अब्रूसाठी गप्प बसतात. ते गप्प बसणे विक्रेत्याच्या पथ्यावर पडते, कारण उधारी चढलेला हाच मुलगा उद्या त्याची पुडी पोचवू लागतो.

म्हणून सर्पालयातील विवेक येथेही हवा. विष विकणारा वेगळा आणि विषाने ग्रासलेला वेगळा. कायद्यालाही हा भेद मान्य आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, ते व्यसनी हा आजारी माणूस आहे या श्रद्धेवर. 14446 या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. मुलाला लपविण्यापेक्षा तो क्रमांक फिरविण्यात अधिक अब्रू आहे.

राहता राहिला गाव. 1967 च्या ग्रामपोलिस अधिनियमाने पोलिस पाटलावर गावच्या गुन्ह्यांची खबर देण्याचे काम सोपविले आहे. पण दोन डोळ्यांचा पोलिस पाटील सगळे शिवार कसे पाहणार? माळावरचे घर कोणी भाड्याने घेतले, भाडे बाजारभावापेक्षा फार का देतो, रात्री पिंपे कसली उतरतात, दर्प कसला येतो, हे गुराख्याला आधी कळते. त्याने ते सांगावे आणि सांगितल्यावर त्याचे नाव फुटू नये, एवढी व्यवस्था गावाने व पोलिसांनी मिळून केली पाहिजे. अंगावर काठी घेऊन धावण्याचे काम मात्र आपले नाही. त्याने निरपराधच अधिक भरडले जातात.

डोळे उघडे ठेवणे, साक्षीला उभे राहणे आणि पोरांना वेळीच उपचारांकडे नेणे ही तीन कामे आपली. ती पोलिसांच्या पगारात बसत नाहीत.