सावकाराचे खत आणि कायद्याची वाढ



कायदा मुंबईला किंवा दिल्लीला तयार होतो आणि तिथून आपल्याकडे येतो, असे आपण धरून चालतो. कोणीतरी मसुदा लिहितो, सभागृहात हात वर होतात, राजपत्रात छापून येते, झाला कायदा. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा, तो हसेल. कायदा जितका वर लिहिला जातो तितकाच तो खाली, कर्जाचे खत लिहून घेणाऱ्याच्या ओटीवर घडतो. हे मी आज सातारा जिल्ह्याच्याच इतिहासातून दाखवणार आहे.

त्याआधी शास्त्राचे दोन शब्द. 1984 साली अमेरिकेत सांता फे येथे एक संशोधन संस्था निघाली. भौतिकशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ असे एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे लोक तिथे एकत्र बसले. त्यांचा प्रश्न असा होता: जिथे असंख्य घटक आपापल्या समजुतीने वागतात, एकमेकांकडे पाहून वागणे बदलतात आणि वर कोणी सूत्रधार नसतो, तिथे घडण येते कशी? बाजार, वारूळ, शरीराची प्रतिकारशक्ती ही त्यांची नेहमीची उदाहरणे. जॉन हॉलंड यांचा भर होता तो हे घटक शिकतात यावर. नियम बदलला की तेही बदलतात, आणि मग नियमालाही बदलावे लागते. कायद्याला हे जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

आता आपल्याकडे या. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी कोर्टांचा अंमल इथे पुरता बसला. तोवर सावकाराची वसुली बरीचशी गावाच्या भिडेवर चालत असे. आता त्याच्या हाती हुकूमनामा आला. त्याच सुमाराला तीन नियम एकत्र नांदू लागले. एक, जुना दामदुपटीचा: एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही. दुसरा, 1855 चा: व्याजाच्या दरावरची कायद्याची मर्यादा उठली. तिसरा, 1859 चा मुदतीचा कायदा: साध्या खतावर तीन वर्षांच्या आत नालिश करायची, नाहीतर हक्क बुडाला. जुनी खते उकरून कर्जदार कुळाला छळू नये, म्हणजे तिसऱ्या नियमाचा हेतू कुळाच्या भल्याचाच.

पण एकत्र आल्यावर काय झाले, ते शंभर रुपयांवर पाहू. व्याज महिना शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज झाले बहात्तर. मुदत संपत आली की सावकार म्हणायचा, नालिश नको असेल तर नवे खत लिहून दे. नव्या खतात मुद्दल 172. व्याज मुद्दलात विरघळले, म्हणजे दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509. तेच पहिले खत नऊ वर्षे तसेच राहते, तर दामदुपटीने दोनशेच्या वर एक पै चढली नसती. कुळाला मारणारे कलम एकाही कायद्यात नव्हते. ते तिघांच्या मधल्या जागेत तयार झाले. सांता फेवाले ज्याला घटकांच्या परस्परक्रियेतून उगवलेला गुण म्हणतात, तो हा, आमच्या भाषेत नव्याजुन्याचा कागद.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापूस 1865 नंतर कोसळला, सारा वाढला, कर्ज मिळेना. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला. आपल्या बाजूला शिराळा भागात कोकरूडला त्याची ठिणगी पडली. दंगेखोरांनी बहुतेक ठिकाणी सावकाराचा जीव मागितला नाही, त्याची खते मागितली आणि जाळली. मला या शेतकऱ्यांचे फार कौतुक वाटते. व्यवस्थेत नेमकी गाठ कुठे बसली आहे, हे त्यांना सरकारच्या आधी कळले होते.

सरकारने आयोग नेमला आणि 1879 साली दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला, तोही फक्त पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. न्यायाधीशाने खतावरचा आकडा मुकाट्याने मानायचा नाही, देणेघेणे सुरू झाले तिथपासून हिशेब उकलायचा, हे त्याचे मर्म. कर्जापायी अटक बंद झाली, खत गावच्या निबंधकापुढे करायचे ठरले.

सावकार गप्प बसले असे तुम्हाला वाटते का? गहाणखतात न्यायाधीश डोकावतो ना, मग गहाणखत नकोच. थेट खरेदीखत करा. पैसे फेडलेस की जमीन परत देईन, हा शब्द तोंडी. कागदावर खरेदी, तोंडी गहाण. खरेदीखताचा हिशेब उकलायचा कोणी? शेवटी 1907 साली मुंबई सरकारला 10-अ हे कलम घालावे लागले: कागदावर खरेदी दिसली तरी मुळात ते कर्जच होते का, हे तोंडी पुराव्यावरूनही कोर्टाने पाहावे. सावकाराच्या हिकमतीने कायद्याला एक कलम शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

गंमत पुढेच आहे. 1929 साली मालमत्ता हस्तांतरणाच्या अखिल भारतीय कायद्यात दुरुस्ती झाली. विक्रीला मुदतखरेदीचे गहाण म्हणायचे असेल, तर जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली हवी. म्हणजे देशभर दार बंद, इथे मात्र 10-अ ची खिडकी उघडी. 1947 च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यात तो अधिकार कसाबसा टिकला, पण अर्जांना ठरावीक मुदत होती. मुदत सरली तशी ती खिडकीही मिटली. आणि विदर्भातल्या आत्महत्यांच्या काळात अवैध सावकारीची प्रकरणे बाहेर येऊ लागली, तेव्हा काय सापडले? तेच खरेदीखत, तोच तोंडी शब्द. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने हा अधिकार पुन्हा दिला, या खेपेला कोर्टाऐवजी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला. 1907 मध्ये कळलेले शहाणपण आपण मध्येच विसरलो आणि पुन्हा शिकलो. उत्क्रांती म्हणजे प्रगती असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आता तर सावकार मोबाईलच्या ॲपमध्ये शिरला आहे. कर्जाची रक्कम बँकेतून थेट कर्जदाराच्याच खात्यात जावी, मधल्या कोणाच्या नाही, असे 2022 साली रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, ते त्याचेच उत्तर.

हाच खेळ दारूबंदीतही दिसतो, आणि जावळीतल्या मेढ्यात येऊन आडव्या बाटलीबद्दल, म्हणजे दारूदुकान बंद करण्याच्या मतदानाबद्दल, न बोलणे शोभणार नाही. जावळी तालुका दारूमुक्त म्हणून राज्यभर गाजला. त्याची हकिकत इथल्या भगिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी फक्त नियमाकडे पाहतो. मूळ कायदा 1949 चा, मुंबई दारूबंदीचा. पुढे सरकारने परवाने वाटून तोच कायदा दारूविक्रीचा कायदा करून टाकला, नाव मात्र बंदीचेच राहिले. 2008 च्या आदेशाने गावाला बोलायची जागा मिळाली. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीला हव्यात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण. एवढ्या एका शब्दाने सगळा डाव फिरतो. मुंबईला नोकरीला गेलेली लेक, अंथरुणाला खिळलेली आजी, यादीतून न वगळलेली मयत, सगळ्यांचे मत आपोआप उभ्या बाटलीला. दुकानदाराला कोणाचे मन वळवायची गरज नाही. त्या दिवशी बायका घराबाहेर पडल्या नाहीत, किंवा देवदर्शनाच्या गाडीत बसून गेल्या, तरी त्याचे काम झाले.

उलट, वरून सरसकट आलेल्या नियमाचे काय होते पाहा. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. काही राज्यांनी दुकाने हलवण्याऐवजी रस्त्याचाच दर्जा बदलला, महामार्ग शहराचा रस्ता झाला. केरळात एका बारने दारापर्यंतची वाट इतकी नागमोडी केली की अंतर कागदोपत्री भरावे. पुढच्या वर्षी न्यायालयालाच छोट्या गावांसाठी अंतर 220 मीटरवर आणावे लागले आणि शहरांच्या हद्दीला सूट द्यावी लागली.

म्हणून मला 1879 च्या कायद्याची एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो चारच जिल्ह्यांत लावला, आणि बारा वर्षांनी, 1891-92 साली, एक आयोग त्याचे काय झाले ते पाहायला नेमला. आडव्या बाटलीच्या आदेशाची तशी पाहणी जावळीपासून सुरू करता येईल. कोणत्या गावात किती मते पडली, याच्या नोंदी उत्पादन शुल्क खात्याकडे असणारच. त्यांच्याशेजारी मतदारयादीतली मयत आणि परगावी गेलेल्यांची नावे ठेवून पाहायची. दुकान बंद झालेल्या गावात वर्षाभराने दारू कुठून येते, तेही विचारायचे. या सभागृहात बसलेल्या आठ-दहा तरुणांनी मनावर घेतले, तर पावसाळा सुरू होण्याआधी हे काम होईल.