मतदारयादी आणि हजेरीपट
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



राज्यघटना म्हणजे कायदेपंडितांनी कायदेपंडितांसाठी रचलेला ग्रंथ, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः नवस्वतंत्र राष्ट्राने घटना करावयाची म्हणजे सत्ता कोणी, किती आणि कोणाच्या संमतीने चालवावी हे ठरवावयाचे. हा निर्णय अखेरीस नावांच्या याद्यांपाशी येऊन ठेपतो. मतदारयादीत कोणाचे नाव असावे, आणि शाळेच्या हजेरीपटावर कोणाचे? भारताच्या घटनाकारांपुढे हे दोन्ही प्रश्न होते. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर त्यांनी तत्काळ व निःशंकपणे दिले. दुसऱ्याचे मुदतीवर सोपविले. त्या मुदतीची कथा प्रत्येक प्राथमिक शिक्षकास ठाऊक असावी.

संविधान सभेची पहिली बैठक दिल्ली येथे ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. डॉ. राजेंद्रप्रसाद सभेचे अध्यक्ष झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमण्यात आली व तिचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांजकडे आले. काळ मोठा कठीण होता. फाळणीने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आश्रय शोधीत होती, संस्थानांचे विलीनीकरण चालू होते आणि धान्याची टंचाई होती. तथापि सभेने घाई केली नाही. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या जाऊन त्यांचा विचार झाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ अनुच्छेदांची घटना स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

प्रांतांतील सभासद ज्या कायदेमंडळांनी निवडून दिले होते, त्यांचे मतदार मालमत्ता, करभरणा वा शिक्षण या कसोट्यांवर ठरलेले होते; बहुसंख्य प्रौढांस मत नव्हते. या सभेने ती कसोटीच काढून टाकली. एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकास, स्त्री असो वा पुरुष, साक्षर असो वा निरक्षर, मताचा अधिकार मिळाला. (१९८९ पासून ही वयोमर्यादा अठरा वर्षांची आहे.) १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे १८ होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे धाडस कळते. लिहितावाचता न येणाऱ्या माणसासही आपले हित कळते, हा त्यामागील विश्वास होता.

हा विश्वास अमलात आणणे सोपे नव्हते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयादीत सुमारे १७ कोटी ३० लाख नावे होती. निरक्षर मतदारासाठी उमेदवारांना चिन्हे देण्यात आली, प्रत्येकाची पेटी निराळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले. मतदाराने आपली पत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. परंतु यादी करतानाच एक अडचण उभी राहिली. विशेषतः उत्तर भारतात अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. घटनेने दिलेला हक्क नावावाचून वापरता येत नाही, हा धडा त्या वेळी मिळाला. मुलीचे स्वतःचे नाव ज्या पहिल्या सरकारी पुस्तकात नियमाने लिहिले व रोज पुकारले जाते, ते पुस्तक म्हणजे शाळेचा हजेरीपट होय.

आता दुसऱ्या यादीकडे वळावयाचे. सक्तीच्या शिक्षणाची मागणी महाराष्ट्रास नवी नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ती मांडली होती. गोखल्यांनी १९११ मध्ये आणलेले विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. असे असता घटनेच्या मसुद्यात प्राथमिक शिक्षणाचा विषय मूलभूत हक्कांत न येता मार्गदर्शक तत्त्वांत आला. मूलभूत हक्कासाठी नागरिकास न्यायालयात दाद मागता येते. मार्गदर्शक तत्त्वासाठी ती मागता येत नाही. शिवाय मसुद्यात प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा अधिकार आहे असे जे शब्द होते, तेही २३ नोव्हेंबर १९४८ रोजी गाळण्यात आले.

मात्र त्याच दिवशी आणखी एक सूचना आली होती: राज्याची जबाबदारी केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित असावी. ती डॉ. आंबेडकरांनी मान्य केली नाही. त्यांचा युक्तिवाद असा की, चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये असे घटनाच अन्यत्र सांगते. मग जे मूल कामावर जावयाचे नाही, त्याची जागा शाळेतच असली पाहिजे. म्हणून चौदा वर्षे ही मर्यादा कायम राहिली, आणि अनुच्छेद ४५ ने राज्यास दहा वर्षांची मुदत दिली.

ती मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपली. अभिवचन पुरे झाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उन्नीकृष्णन प्रकरणात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणास मूलभूत हक्क मानले. २००२ मध्ये शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क घातला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. मतदारयादी दोन वर्षांत प्रत्यक्षात आली. हजेरीपटाच्या हक्कास साठ वर्षे लागली. मधल्या काळात ज्या मुलांचे वय निघून गेले, त्यांना कोणतीही दुरुस्ती ती वर्षे परत देऊ शकली नाही.

कायदा आता स्पष्ट आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पहिल्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून मुलास बाहेर ठेवता येत नाही. सत्र सुरू होऊन गेले हेही कारण चालत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश पाहणे व आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, ही कर्तव्ये त्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजेच जिल्हा परिषदेसारख्या संस्थेवर, टाकली आहेत. ऊसतोडणीस वा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांमागे जे मूल दिवाळीनंतर दिसेनासे होते, त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा करीत राहणे म्हणजे कर्तव्यपूर्ती नव्हे. ते मूल कोठे गेले, तेथे कोणत्या शाळेत बसते, याचा शोध घेणे हे घटनेचेच काम होय.

परिपाठात उद्देशिका वाचली जाते, ते उचितच आहे. त्याबरोबर वर्गमंत्र्याची निवड गुप्त मतदानाने व्हावी, हरलेल्या मुलाचेही म्हणणे ऐकले जावे, आणि निवडून आलेल्याने आपल्या कामाचा हिशेब वर्गास द्यावा. बहुमताने सत्ता मिळते, परंतु ती नियमाने बांधलेली असते, हे मूल तेथेच शिकते. तथापि त्याआधीची गोष्ट अशी की, ते मूल वर्गात असले पाहिजे. घटनाकारांनी निरक्षर प्रौढावर विश्वास टाकून त्याचे नाव यादीत घातले. त्या विश्वासाचा उत्तरार्ध शिक्षकाच्या हाती आहे. उद्या सकाळी हजेरी घेताना ज्या नावास उत्तर येणार नाही, त्या नावापाशी त्याने थांबावे, आणि सायंकाळी त्या घराची वाट धरावी.