अपघात, अपंगत्व आणि घरबसल्या रोजगार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'शिक्षण आणि रोजगार' या विषयावर मी बोलावे, असे संस्थेने मला कळविले. या विषयावर आपल्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी बोलतो. मुलांनी शिकावे, स्पर्धा परीक्षा द्याव्यात, नोकरीला लागावे, हे सर्व आपण ऐकत आलो आहोत आणि ते खरेही आहे. मी आज या विषयाचा एक बाजूला पडलेला कोपरा आपल्यापुढे ठेवणार आहे. हुन्नर शिकून कामाला लागलेला, घराचा आधार झालेला तरुण एखाद्या अपघातात जायबंदी होतो, तेव्हा त्याच्या रोजगाराचे काय करायचे?

हा प्रश्न आपला आहे. आपली मुले ट्रक आणि रिक्षा चालवितात, वेल्डिंग करतात, गवंडीकाम करतात, वायरिंग करतात, जहाजावर जातात, आखातात परांचीवर चढतात. गावाकडे आंबा आणि नारळ उतरविण्यासाठी झाडावर चढतात. ही सारी कामे हातापायांच्या बळावरची. झाडावरून पडलेल्या माणसाचा कणा मोडला आणि कमरेखालचे अंग गेले, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा घरात पहिले काही महिने दवाखान्यात जातात, पुढचे काही महिने हकीम, मालीश आणि दुवा यांत जातात, आणि त्यानंतर घरातील माणसे त्या तरुणाविषयी भूतकाळात बोलू लागतात. 'कामाला फार हुशार होता हो.' तो शेजारच्या खोलीत हे ऐकत असतो.

आता एक गोष्ट कायद्याची. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एक तत्त्व फार स्वच्छ शब्दांत सांगितले. डॉक्टरांच्या दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि माणसाची कमाईची शक्ती किती टक्के गेली, या दोन गोष्टी एक नाहीत. डावा हात गेला, तर वाहनचालकाची किंवा सुताराची जवळजवळ सारी कमाई जाते. कचेरीतील कारकुनाची नोकरी मात्र त्यामुळे जाईलच असे नाही. शरीराचे नुकसान तेच, परंतु उपजीविकेचे नुकसान निराळे. न्यायालयापुढे प्रश्न भरपाईचा होता. मी मात्र या तत्त्वाकडे उलट्या बाजूने पाहतो. काम बदलले, तर त्याच शरीराची कमाईची शक्ती परत वाढू शकते. दाखल्यावरचा आकडा तसाच राहील, घरात येणारा पैसा तसाच राहील असे नाही.

हे केवळ बोलणे नव्हे. आपल्याच भागातील एका तरुणाची हकीकत सांगतो. त्याच्या इच्छेनुसार नाव सांगत नाही. तो आखातात वातानुकूलनाच्या डक्टचे काम करीत असे. मोठ्या इमारतीत थंड हवा खेळविण्यासाठी पत्र्याचे जे चौकोनी बोगदे छतातून नेतात, त्यांना डक्ट म्हणतात. सात वर्षे त्याने हे काम केले. एके दिवशी परांचीवरून पडला. कमरेखालचे अंग गेले. घरी परत आला, आणि चौदा महिने एका खाटेवर पडून राहिला. त्याची आई वर्तमानपत्रातील एक कात्रण घेऊन माझ्याकडे आली. 'घरबसल्या टायपिंग करा, महिना वीस हजार कमवा', अशी ती जाहिरात. आधी नोंदणीचे अडीच हजार भरावयाचे होते. 'गुरुजी, एवढा फॉर्म भरून द्या', असे तिचे म्हणणे.

मी फॉर्म भरला नाही. मी त्याच्या घरी गेलो आणि त्याला त्याच्या कामाविषयी विचारले. त्याने गादीखालून दोन जुन्या वह्या काढल्या. त्यांत मापेच मापे. सहाशे बाय तीनशे मिलिमीटरचा, सव्वा मीटरला थोडा कमी असा डक्टचा तुकडा असेल तर पत्रा किती लागेल? त्याने तोंडी सांगितले : चारी बाजूंचा घेर एक मीटर ऐंशी, लांबी एक मीटर वीस, म्हणजे दोन चौरस मीटर सोळा, वर जोडाचा आणि कापताना वाया जाणारा पत्रा वेगळा धरायचा. वळण कोठे आले, तोंड कोठे निमुळते झाले, पत्रा चोवीस गेजचा की बावीसचा, हे सर्व तो नकाशा पाहून सांगत असे. बारावी नापास माणूस! मी बी. ए., बी. एड. असूनही त्या वहीतील अर्धे मला समजले नाही. पायांनी त्याला परांचीवर चढविले होते हे खरे. पण पगार त्याला या वह्यांचा मिळत होता. त्या वह्या शाबूत होत्या.

त्याने जुन्या लॅपटॉपवर नकाशे काढण्याचे ऑटोकॅड शिकावयास घेतले. थोडे इंटरनेटवरील चित्रफिती पाहून, आणि थोडे एका क्लासच्या शिक्षकांकडून, जे आठवड्यातून दोनदा घरी येण्यास तयार झाले. नऊ महिने लागले. मग त्याने आपल्या जुन्या फोरमनला फोन केला. फोरमन आता दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. त्याने एका मजल्याचा नकाशा ई-मेलने पाठविला आणि पत्र्याचे एकंदर माप काढून मागितले. त्या कामात हा एकही जोड विसरला नाही, कारण असे जोड त्याने स्वतःच्या हातांनी ठोकले होते. कचेरीत बसून केवळ संगणक शिकलेल्या माणसाला हे सुचत नाही. पुढचे काम त्यातूनच आले.

मी हकीकत गोड करून सांगत नाही. आखातात मिळत असे तेवढे त्याला आज मिळत नाही. मध्यंतरी सलग दोन महिने काम आले नाही. एका गिऱ्हाइकाने पैसे बुडविले. तेव्हापासून अर्धी रक्कम आगाऊ आल्याखेरीज तो फाइल पाठवीत नाही. परंतु घरचे वाणसामान त्याच्या पैशाने येते, आणि घरात त्याच्याविषयी भूतकाळात बोलणे थांबले आहे.

अशा कामात शरीराकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला बसल्या जागी दुखत नाही, म्हणून एका जागी दाब पडून जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे लागते. लघवी ठरलेल्या वेळी नळीने काढावी लागते; त्यात आळस केला तर जंतुसंसर्ग होतो. या तरुणाने मोबाइलवर गजर लावून ठेवला आहे. गजर झाला की नकाशा अर्धवट सोडून तो अंग उचलतो. आरंभी दिवसाला दोन तास, मग चार, आता पाच. ज्या नोकरीत आठ तास खुर्ची सोडता येत नाही, ती त्याच्या कामाची नाही. ठरलेल्या मुदतीत काम पोचते करण्याचा हा धंदा मात्र त्याच्या शरीराला मानवतो. 'आज संध्याकाळपर्यंत द्या' असे काम तो घेतच नाही. नव्या गिऱ्हाइकाला तो आपली प्रकृती सांगत नाही, मुदत तेवढी सांगतो. काहींना हे पटणार नाही. मला यात काही गैर वाटत नाही.

आता त्या कात्रणाकडे वळतो. टायपिंग, डेटा एंट्री, असली कामे लोकांना प्रथम सुचतात. वस्तुस्थिती अशी की २०१७ पासून मोबाइलवर मराठी बोलले की आपोआप टाइप होते. छापील कागदाचा फोटो काढला की त्यावरील मजकूर यंत्र वाचते. निव्वळ टंकलेखनाला भाव राहिलेला नाही, आणि म्हणूनच त्या नावाखाली फसवणूक फार. खरे काम देणारा माणूस तुमच्याकडून नोंदणीचे पैसे घेत नाही. काही टोळ्या आधी करारावर सही घेतात, मग 'तुमच्या कामात चुका निघाल्या' म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागतात. दुसऱ्या टोळ्या चित्रफितींना पसंती देण्याचे शे-दीडशे रुपये प्रथम खरोखर देतात, आणि विश्वास बसला की मोठी रक्कम गुंतवावयास सांगतात. खाटेवरच्या माणसाला काम हवे असते, त्याच्यापाशी वेळ असतो आणि भरपाईचे चार पैसेही असतात. तो यांना अलगद सापडतो. कोणी फसले तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

तेव्हा जायबंदी माणसाला 'तुला आता काय जमेल?' असे विचारू नका. 'तुला आधी काय येत होते?' असे विचारा. ट्रक चालविणाऱ्याला रस्ते, भाडी, ई-वे बिल, वजनकाटे ठाऊक असतात. वाहतूकदाराच्या गाड्यांचा माग तो घरून ठेवू शकतो. दुकानदार हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे शिकू शकतो. शिक्षकांचे तर विचारूच नका. मार्च २०२० नंतर आपण सर्वांनी घरात बसूनच शिकविले. दृष्टी गेलेल्यांसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे एनव्हीडीए हे साधन विनामूल्य आहे. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून ते घडविले. आणि हे सर्व मुलींनाही लागू आहे. मुलगा पडला तर त्याच्या रोजगाराची निदान चर्चा होते. मुलगी पडली तर तीही होत नाही.

जपानमधील एक उदाहरण सांगतो. मोरिओका गावचा युता बांदा हा चार वर्षांचा असताना रस्त्यावरील अपघातात मानेखाली लुळा झाला. वीस वर्षे अंथरुणावर. हनुवटीने संगणक चालवून तो हजारो लोकांना पत्रे धाडीत राहिला. त्यांतील एक पत्र केंतारो योशिफुजी या यंत्रमानव घडविणाऱ्या तरुणाकडे पोचले. त्याने बांदाला आपला चिटणीस नेमले. बांदा अंथरुणावरून एका लहानशा यंत्रमानवाद्वारे कचेरीत 'हजर' राही. बांदा २०१७ साली वारला. परंतु दोघांच्या बोलण्यातून निघालेल्या कल्पनेतून २०२१ साली टोकियोत एक उपाहारगृह कायमचे सुरू झाले. तेथे यंत्रमानव गिऱ्हाइकांशी बोलतात आणि पदार्थ आणून देतात. त्यांना चालविणारी माणसे दूर आपापल्या घरी, पुष्कळशी अंथरुणावर असतात, आणि त्यांना वेतन मिळते.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात पायांनी अधू झाल्या. पदवी घेतली, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र प्रत्येक पालकाने वाचावे.

आपण मदत करीत नाही असे नाही. रमजानमध्ये अशा घरी धान्य जाते, ईदला कपडे जातात. पण हजरत पैगंबर (स.) यांच्याकडे एक अन्सारी मागावयास आला, तेव्हा त्यांनी काय केले, हे आपण मुलांना शिकवितो. त्याच्या घरातील कांबळे आणि वाडगा दोन दिरहमला विकून दिला. एका दिरहमचे अन्न घरी धाडले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास लावली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि त्याला लाकडे तोडावयास पाठविले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परत आला. आज ती कुऱ्हाड म्हणजे एक लॅपटॉप, पावसाळ्यात वीज गेली तरी चालू राहील असा इन्व्हर्टर, आणि इंटरनेटची जोडणी. जकातीतून हे द्यावे कसे, ते आलिमांना विचारावे.

सरकारकडून मिळण्यासारखेही काही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार धरले आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सवलती मिळतात. दाखला आणि यूडीआयडी कार्ड प्रथम काढावे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते स्वतःहून राजीनामा देऊन बसतात. असो; या कागदपत्रांसाठी आम्ही काही शिक्षक दर शनिवारी शाळा सुटल्यावर बसण्यास तयार आहोत.

शेवटी एक मागणी, ती आपल्या संस्थेकडेच. ज्या तरुणाची हकीकत सांगितली, त्याला ऑटोकॅड शिकावयाचे होते तेव्हा आपल्या शाळेतील संगणक कक्ष दररोज पाच वाजल्यानंतर रिकामा होता. तो तेथे येऊ शकला नाही, कारण दारापुढे तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी सहा इंच, म्हणजे एकूण दीड फूट. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्याला अठरा फूट लागेल. पटांगणाच्या बाजूस नळाजवळून बावीस फूट मोकळी जागा आहे. मी टेप लावून मोजली आहे. अध्यक्ष महोदयांनी मे महिन्याच्या सुटीत हे काम करून घ्यावे, म्हणजे जूनपासून सायंकाळचा वर्ग सुरू करता येईल. शिकविण्यास तो तरुण तयार आहे.