उतारवयांत ठासणीची बंदूक



आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटेल. शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेल्या साठीच्या माणसानें सद्विचारांवर बोलावें, फार तर पथ्यपाण्यावर बोलावें. बंदुकीशीं त्याचा काय संबंध? परंतु मी राहतों तो साकोलीचा मुलूख धानाच्या बांध्यांचा आणि जंगलाचा आहे. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० सालीं झालें आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्या जंगलाच्या कडेच्या गांवांत धान लोंबीवर आलें कीं रानडुकरांच्या भयानें रात्रीं जागल करावी लागते. मुलगा नोकरीसाठीं शहरांत, शेत म्हाताऱ्या बापाकडे, आणि जन्मांत बंदुकीला हात न लावलेला गृहस्थ विचारतो, "गुरुजी, ठासणीची बंदूक घ्यायची, तर कसली घ्यावी?" शहरांतल्या घरांतहि हा प्रश्न निघतो. कोणाच्या वाट्याला आजोबांची जुनी बंदूक येते, कोणाला निवृत्तीनंतर नेमबाजीचा छंद लागतो. अशा वयस्क नवशिक्यासाठीं मी आज बोलणार आहें.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. आमच्याकडे तिला भरमार असेंहि म्हणतात. नळींत आधीं मोजून दारू ओतावयाची, तिच्यावर गोळी किंवा छर्रे घालून गजानें बसवावयाचे, मग टोपी चढवावयाची. असा एकेक बार सिद्ध होतो. १८१७ सालीं सीताबर्डीवर भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या, तेव्हां दोन्हींकडच्या बंदुका अशाच तोंडाकडून भरल्या जात होत्या. १८५७ सालीं जिच्या काडतुसावरून वणवा पेटला ती एन्फील्ड रायफलहि ठासणीचीच. तिच्यांत वापरावयाची दारू काळी, म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक यांचें मिश्रण. शंभर भागांत त्यांचें प्रमाण अनुक्रमें ७५, १५ व १० असें असतें.

आतां निवडीपूर्वीं कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पिकाच्या रक्षणाची खरी गरज असणाऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो, पोलिसांची चौकशी होते, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घ्यावें लागतें. परवान्यांत जी बंदूक लिहिली असेल तीच घ्यावयाची. वडिलांच्या पश्चात् घरांत राहिलेली बंदूक आपोआप आपली होत नाहीं. परवाना आपल्या नांवें होईपर्यंत ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळें रानडुकरावरहि वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून गोळी झाडतां येत नाहीं. शेतांतल्या बंदुकीचें काम बहुधा आवाजानें जनावर हुसकण्याचेंच आहे, हें ध्यानांत ठेवावें.

याच नियमांत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. परवानाधारकाचें वय सत्तर झालें, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षें झालीं, म्हणजे त्याला आपल्या हयातींतच वारसाच्या नांवें परवाना मागतां येतो. ज्या वयांत कायदा शस्त्र पुढच्या पिढीच्या हातीं सोपविण्याची वाट मोकळी करतो, त्याच वयाच्या उंबरठ्यावर आपण तें प्रथम हातीं घ्यावयास निघालों आहों. म्हणून आपली निवड तरुणाच्या निवडीसारखी असून चालणार नाहीं.

तरुण विचारतो, बंदूक किती लांब मारते? म्हाताऱ्यानें विचारावें, ही बंदूक माझ्या विसराळूपणाला किती वाव ठेवते? "साठी बुद्धि नाठी" ही म्हण आपण हंसण्यावारी नेतों. ठासणीच्या बंदुकीपुढें ती हंसण्याची राहत नाहीं. मागून भरावयाची बंदूक उघडून पाहतां येते. ठासणीची उघडत नाहीं. ती भरलेली असो वा रिकामी, बाहेरून सारखीच दिसते. भरलेली असतां विसरून दुसरा बार वर घातला, तर नळी फुटून हात आणि डोळा दोन्हीं जाऊं शकतात. माझ्या मतें निवडीची पहिली कसोटी हीच.

या कसोटीनें एक नळीची बंदूक घ्यावी, दुनळी घेऊं नये. दुनळींत एक बार उडाल्यावर दुसरा तसाच असतां पहिली नळी भरावी लागते, आणि घाईंत एकाच नळींत दोन बार पडण्याचा संभव असतो. तसेंच चकमकीची घेऊं नये, टोपीची घ्यावी. चकमकीच्या बंदुकींत गार, रंजक आणि कान अशा तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि पावसाळी हवेंत रंजक ओलावते. इंग्लंडांत वूलविच येथें १८३४ सालीं सहा हजार बारांची परीक्षा घेतली, तींत चकमक ९२२ वेळां फसली आणि टोपी अवघी ३६ वेळां. बार जितका अधिक वेळां फसतो, तितका भरलेली बंदूक हातांत धरून गोंधळण्याचा प्रसंग अधिक. टोपीहि शक्य तर मोठ्या जातीची असावी. थरथरत्या बोटांना बारीक टोपी चिमटींत सांपडत नाहीं.

दुसरी कसोटी शरीराची. एन्फील्डची नळी ३९ इंचांची आणि वजन सुमारें सव्वाचार किलो. तें सोजिराच्या खांद्याचें ओझें. पण हलकी म्हणून अगदींच हलकीहि घेऊं नये, कारण तोच बार हलक्या बंदुकींतून मागें अधिक धक्का देतो. बंदूक खांद्याला लावून सावकाश वीस अंक मोजावे. तेवढ्यांत नळीचें टोंक डुलूं लागलें तर ती आपल्याला जड आहे असें समजावें. नळी तीस इंचांच्या आसपास असली म्हणजे भरतांना तोंडावर वाकावें लागत नाहीं. दस्त्याची मागची बाजू रुंद आणि सपाट असावी. चंद्रकोरीसारखी खोल कापलेली मूठ दिसावयास सुंदर, पण खांद्याला रुततेच. साठीनंतर जवळचें धूसर दिसतें, म्हणून मागची खांच रुंद आणि पुढची माशी ठळक असावी, आणि नेम धरतांना दृष्टि माशीवरच ठेवावी. चाप इतका नाजूक नसावा कीं बोट नुसतें टेकतांच बार व्हावा.

रायफल कीं साधी नळी? रायफलीच्या नळींत आंतून आटे पाडलेले असतात; त्यांमुळें गोळी फिरत जाते आणि नेम अचूक लागतो. लक्ष्यभेदाच्या छंदास रायफल चांगली. तेल लावलेल्या चिंधींतून गोल गोळी ठासावयाची असेल, तर आटे संथ असावे, सुमारें ४८ ते ६६ इंचांत एक वेढा. हा खेळ म्हातारपणास साजेसाहि आहे. १९७१ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सामन्यांत तीस मिनिटांत तेरा बार देतात आणि त्यांतले उत्तम दहा धरतात. घाईला तेथें मान नाहीं. शेतावर मात्र आवाजाचेंच काम, तेथें साधी नळी पुरे. ती धुणेंहि सोपें.

जुनी बंदूक मिळत असेल तर प्रथम ती रिकामी आहे कीं नाहीं हें पाहावें. तोंड आपल्यापासून दूर ठेवून गज आंत तळापर्यंत सोडावा, तोंडापाशीं त्यावर खूण करावी आणि तो बाहेर काढून नळीच्या बाजूनें धरून पाहावा. गज टोपीच्या जागेपर्यंत पोंचत नसेल तर आंत कांहीं आहे. तें स्वतः काढावयास बसूं नये. परवानाधारक कारागिराला तेथेंच बोलवावें. नळीला फुगवटा, खोल गंज किंवा चीर असेल, अथवा घोडा अर्ध्या खांचेवर ठरत नसेल, तर ती बंदूक भिंतीवरच शोभते.

बंदूक घेतल्यावर गजावर दोन खुणा कोरून घ्याव्या: एक रिकाम्या नळीची, दुसरी एका बाराची. प्रत्येक वेळीं भरण्याआधीं आणि भरल्यानंतर गज आंत सोडून पाहावा. मुलांना पाढे म्हणावयास लावतों तसा भरण्याचा क्रम मोठ्यानें म्हणावा, आणि मध्यें कोणी बोलावलें तर गजाची खूण पाहून नव्यानें सुरुवात करावी. गोळी दारूवर टेकली पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तर नळी फुटते. शिंगड्यांतून थेट नळींत दारू ओतूं नये, मापानें ओतावी. काडतुसांतली बिनधुराची दारू हींत कधींहि घालूं नये. बार फसला तर तोंड समोरच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबावें. काळ्या दारूची राख ओलावा ओढते, म्हणून त्याच दिवशीं कढत पाण्यानें नळी धुऊन, कोरडी करून तेल द्यावें.

शेवटीं एक सांगावेंसें वाटतें. मोतीबिंदु पिकला असेल, हात कांपत असेल, जेवलों कीं नाहीं याचाच विसर पडत असेल, किंवा घरांत कोणी व्यसनी वा फार खचलेल्या मनाचा असेल, तर बंदूक न घेणें हीच योग्य निवड. रात्रीची जागल दोघां शेजाऱ्यांनीं मिळून करावी. कंदील, डबा वाजविणें आणि कुंपण यांनींहि डुकरें परततात. ज्याचीं दृष्टि, हात आणि स्मृति शाबूत आहेत, त्यानें मात्र एक नळीची, टोपीची, आपल्या हाताला झेपणारी बंदूक घ्यावी, आणि दुकानांत पैसे मोजण्याआधीं तिच्या गजावर खुणा करून मागाव्या.